सहा इंच चढवलेली गाडी

गार्लंडच्या टायरच्या दुकानात काउंटरमागची भिंत फोटोंनी भरलेली आहे. तिथली जुनी रीत अशी, की कुणाची पिकअप गाडी खाली ठोकळे घालून उंच करून दिली की तिच्या मालकाच्या बायकोला पुढच्या चाकाशेजारी उभं करायचं आणि फोटो काढायचा. फोटोखाली पेनाने लिहायचं, बॉनेट तिच्या कुठवर आलं: कंबर, छाती, हनुवटी. नवरे हसायचे, बायकाही हसायच्या, आणि पुढचं गिऱ्हाईक ती भिंत बघूनच आपल्या गाडीची उंची ठरवायचं.

नेवाच्या फोटोखाली ‘हनुवटी’ लिहिलेलं होतं. नेवा म्हणजे ऑर्व्हल टीगची बायको आणि गार्लंडची थोरली बहीण. फोटोत तिच्या हातात दुधाच्या बाटल्यांचा निळा प्लॅस्टिकचा क्रेट होता. “नवऱ्याने मला गाडी घेऊन दिली, आणि गाडीत चढायला हा जिना,” असं ती त्या दिवशी म्हणाली होती. सगळं दुकान हसलं होतं. सगळ्यांत मोठ्याने ऑर्व्हल हसला होता.

तिला जाऊन नऊ महिने झाले होते. ऑर्व्हल अजून रोज दुकानात यायचा. एकोणीस वर्षं तो मेव्हण्याच्या दुकानात गाड्यांचे कमानपाटे आणि टायर बसवत होता, आणि सदुसष्टाव्या वर्षी जाण्यासारखी दुसरी जागा त्याला नव्हती. रविवारचं जेवणही तो गार्लंडकडेच जेवायचा. काउंटरवर उभं राहावं लागलं की फोटो पाठीमागे येत, तेवढं बरं होतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी वेड प्रुइट आपली शहाण्णवची फोर्ड घेऊन आला. दोनदा बर्फ पडून वितळला होता आणि गावातले सगळे आता टायरांसाठी रांग लावत होते. वेड टॅमरॅक क्रीकच्या अगदी वरच्या टोकाला राहायचा. काउंटीची बर्फ काढणारी गाडी तिथे सगळ्यांत शेवटी पोहोचते, आणि कधीकधी पोहोचतच नाही.

“ऑर्व्हल, या म्हातारीला जरा उभी करा,” बॉनेटवर थाप मारत वेड म्हणाला. “सहा इंच. आणि सदतीस इंची टायर, चांगल्या खोल खाचांचे.”

“म्हातारी कोण? गाडी का मी?” मागून त्याची बायको म्हणाली.

“तुझं सहा इंचांत काय भागणार? तुला बारा लागतील.”

“तुला जिभेला कातर लागेल.”

ती कोरीन. लहान चणीची, पंचेचाळीसच्या आतबाहेरची. डाव्या गुडघ्यावर पट्ट्यांचा आधार बांधलेला होता. वसंतात घोड्यावरून पडली होती, असं तिने चालताचालता सांगितलं. ऑपरेशन झालं होतं, पण गुडघा पूर्वीसारखा झाला नव्हता.

ऑर्व्हल फोर्डखाली शिरला. बॅटरीच्या उजेडात त्याने एकेक गोष्ट बघितली आणि अंग झाडत बाहेर आला.

“पाटे दबून बसलेत,” तो म्हणाला. “मागच्या डाव्या पाट्याचं एक पान तुटलंय. शॉकअप चारही गेलेत. हे सगळं बदलायचंच आहे. पण सहा कशाला? अडीच इंच चढव. पुढेमागे नवे पाटे टाकू, एक्सलवर ठोकळे-बिकळे नकोत. टायर तेहतीसचे, अरुंद, खिळे मारलेले.”

“तेहतीस?” वेड हसला. “अहो, तेहतीस शाळेतल्या बाई लावतात.”

“त्या वेळेवर शाळेत पोहोचतात. अरुंद टायर बर्फ कापत खालच्या जमिनीपर्यंत जातो. रुंद टायर बर्फाच्या वरच बसून राहतो. सदतीस लावलेस तर गियर बदलावे लागतील, ब्रेकचे पाइप लांब घ्यावे लागतील, आणि तुझ्या त्या चढावर इंजिन रडायला लागेल.”

“मग ती काय आहे?” वेडने काचेतून बाहेर बोट दाखवलं.

बाहेर ऑर्व्हलची हिरवी शेवरले उभी होती. शहाऐंशीची. सहा इंच चढवलेली, सदतीसच्या टायरांवर. नऊ वर्षं ती तशीच होती.

“दुसऱ्याला शाळामास्तरणीचे टायर, आणि स्वतःला हे,” वेड म्हणाला. “वा रे म्हातारबा!”

ऑर्व्हलने हिरवीकडे बघितलं. ती गाडी उंच केली तेव्हा नेवाने अडीच इंच मागितले होते. अगदी हेच, अडीच. तो हो म्हणालाही होता. मग दुकानातल्या माणसांनी दोन दिवस चिडवलं आणि त्याने सहा चढवले.

आवाज ऐकून गार्लंड आतल्या खोलीतून बाहेर आला. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. “वेड! सहाचा अख्खा संच फळीवर पडलाय लेका, तुझीच वाट बघत. गुरुवारी घेऊन जा गाडी. आणि ऐकून कशाला घेतोस, बायकोला बाहेर नेऊन त्या हिरवीत बसवून बघ. सगळ्यांना आपण तसंच तर…”

तो मध्येच थांबला. ऑर्व्हलकडे त्याने पटकन बघितलं. नऊ महिन्यांत त्या गाडीत कुणालाच बसवून दाखवलं नव्हतं. पण वेड दारापर्यंत गेला होता आणि कोरीन त्याच्या मागे होती.

“जाऊ दे,” ऑर्व्हल म्हणाला आणि त्यांच्या मागे बाहेर गेला.

कोरीनने शेवरलेचं चालकाच्या बाजूचं दार उघडलं. उंबरा तिच्या मांडीच्या वर येत होता. तिने उजवा पाय उचलून बघितला. पाय पोहोचला, पण मग सगळा भार डाव्या गुडघ्यावर घेऊन अंग वर ढकलायचं होतं, आणि ते होईना. तिने पाय बदलला. डावा पाय निम्म्यापर्यंतच वर गेला. मग तिने उजवा गुडघा उंबऱ्यावर टेकवला आणि धरायला काही सापडतंय का म्हणून सीटवर हात टाकला.

तिचा हात बरोबर तिथेच पडला. सीटच्या कडेला, जिथे कापडावर चार ओरखडे होते. नेवाच्या नखांचे.

“हे बघ, अशी,” असं म्हणत वेडने मागून हात लावला आणि तिला वर लोटलं. “चला, पोतं चढलं!”

“पोत्याने लाथ मारली तर कळेल,” ती आतून म्हणाली. स्टिअरिंग धरून ती थोडी धापा टाकत होती, पण हसत होती. “वरून मात्र छान दिसतं हं.”

गार्लंड हसला. वेड हसला.

“वेड,” ऑर्व्हलने विचारलं, “तू खाणीवर असतोस तेव्हा ही गाडी कुठे असते?”

“घरी. हिच्याकडे. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे. मी खाणीच्या बसने जातो.” वेडचा आवाज साधा झाला. “त्यासाठीच तर चाललंय हे सगळं. मला शोभेची गाडी नकोय, ऑर्व्हल. तिची ती छोटी मोटार डिसेंबरात अंगणाबाहेर निघत नाही. ही तिथे एकटी अडकून पडू नये, एवढंच.”

हे वाक्य ऑर्व्हलचं होतं. नऊ वर्षांपूर्वी याच अंगणात उभं राहून तो जवळजवळ असंच म्हणाला होता. खोटं नव्हतं ते. बर्फाच्या दिवसांत तो स्वतः गार्लंडबरोबर जायचा आणि शेवरले घरी नेवासाठी ठेवायचा.

“मग तेव्हा हिला वर कोण लोटणार?” त्याने विचारलं.

“पायऱ्या लावू की दोन्ही बाजूंना,” गार्लंड म्हणाला. “त्यात काय एवढं.”

“पायऱ्या माझ्याही होत्या.”

“ऑर्व्हल…”

“गेल्या वर्षी ऑक्टोबरात हरणाच्या शिकारीला गेलो तेव्हा एका बुंध्याला लागून ही डावी पायरी तुटली; उजवी आधीच गंजून गेली होती. म्हटलं, वसंतात लावू. तोवर नेवा पुन्हा तो जुना क्रेट वापरायची. क्रेट ठेवायचा, वर चढायचं, मग दोरीने क्रेट आत ओढून घ्यायचा. दोरी तिनेच बांधली होती.”

वेडने डोक्यावरची टोपी मागे सारली. नेवा गेली हे त्याला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. सरपण आणायला अंगणात गेली, बर्फावरून घसरली, डोकं आपटलं, आणि आधीच दुबळं झालेलं हृदय थांबलं. असंच सगळ्यांना माहीत होतं.

ऑर्व्हल शेवरलेपाशी आला. कोरीन अजून स्टिअरिंगमागे बसली होती, दार उघडं होतं. आपण आता बोललो की गार्लंड ऐकणार. नऊ महिने तो गार्लंडच्या टेबलावर जेवला होता, गार्लंडच्या बायकोने, डोरिसने, वाढलेलं, आणि एकदाही बोलला नव्हता. आता बोललो नाही तर गुरुवारी आपल्याच हातांनी सहाचा संच बसवावा लागेल आणि या बाईला फोटोसाठी उभं करावं लागेल.

“ती घसरली नव्हती,” तो म्हणाला.

गार्लंडने त्याच्याकडे मान वळवली.

“त्या दिवशी वादळ होतं. फोनच्या तारा दोन दिवस पडलेल्या. सकाळी गार्लंड मला घ्यायला आला, खिंडीत लाकडं वाहणारी एक गाडी घसरली होती, ती ओढायला. साखळ्या ठेवायला काही नव्हतं. मी शेवरलेतून क्रेट काढला आणि साखळ्या त्यात भरल्या.”

गार्लंडच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. ते तिथे तसंच राहिलं.

“दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं असणार. औषधाची बाटली ओट्यावर उघडी होती. दवाखाना बावीस मैलांवर. गाडी दारात, टाकी भरलेली, चाकांना खिळे. सगळं होतं. फक्त तिला चढता आलं नाही.” त्याने कोरीनकडे बघितलं. “तुम्ही केलंत तसंच तिने केलं. गुडघा टेकवून. तुमच्या हाताखाली बघा.”

कोरीनने हात उचलला. खाली बघितलं. मग हात मांडीवर घेतला आणि तिथेच ठेवला.

“मग ती सरपणाच्या ढिगाकडे गेली. एक ओंडका घेतला, न फोडलेला, गोल. फोडलेलं लाकूड बुटकं पडलं असतं. तो ओढत आणला तिने गाडीपर्यंत. चाळीस पावलं. बर्फात चर पडला होता. मधे तीन ठिकाणी ती बसली होती, तेही दिसत होतं. ओंडका उभा राहिना म्हणून आडवा टाकला आणि त्यावर चढली. आणि तो फिरला.”

“तू म्हणालास, सरपण आणायला गेली होती,” गार्लंड म्हणाला.

“हो.”

“तू मला म्हणालास. दवाखान्यात. माझा हात धरून.”

“हो.”

“ओंडका तिथे नव्हता. तुला वळणावर उतरवून मी अर्ध्या तासात मागोमाग आलो होतो. ओंडका नव्हता तिथे. गाडीचं दारही बंद होतं.”

“मी परत ढिगात नेऊन ठेवला. दार लावलं. फावड्याने चर बुजवला. मग तिला घरात नेलं.”

गार्लंडने मान वळवून दुकानाच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे दुकानाची टो-गाडी, अडकलेल्या गाड्या ओढायची, उभी होती. तिच्या मागच्या हौद्यात निळा क्रेट होता, साखळ्यांनी भरलेला. बाहेर काम असलं की गार्लंड साखळ्या काढून तो क्रेट पालथा घालायचा आणि त्यावर बसून डबा खायचा. सगळा उन्हाळा त्याने तसाच डबा खाल्ला होता, आणि समोर ऑर्व्हल बसलेला असायचा.

तो आत गेला. आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

वेड लाल झाला होता. “माझ्या बायकोसमोर हे सगळं बोलायची काही गरज होती का?” तो म्हणाला. “मी टायर घ्यायला आलो होतो, ऑर्व्हल. टायर.”

“वेड, गप्प बस,” कोरीन म्हणाली. “मला खाली घे.”

त्याने तिला उतरवून घेतलं. ती दुकानात गेली आणि काउंटरवरची मोजपट्टी घेऊन आली. आपल्या फोर्डच्या दारापाशी उभी राहिली. पट्टीचं टोक बुटाने जमिनीवर दाबलं. डावा पाय जेवढा उचलता येईल तेवढा उचलला आणि दुखून ओठ आवळेपर्यंत तसाच धरला.

“किती?”

ऑर्व्हलने वाकून बघितलं. “सव्वीसला थोडं कमी.”

“आत्ता उंबरा कितीवर आहे?”

“बावीस. अडीच चढवून तेहतीस लावले की सव्वापंचवीस. सहा आणि सदतीस म्हणजे एकतीसच्या आसपास.”

“मग अडीच आणि तेहतीस,” ती म्हणाली.

“कोरीन, एवढा बर्फ साठला की गाडीचं पोट टेकेल गं,” वेड म्हणाला. आता तो चिडलेला नव्हता, नुसता हट्टी होता. “मग काय करशील?”

“गाडीत बसून शिव्या देईन तुला. हीटर लावून. बाहेर पडून राहण्यापेक्षा आत अडकलेली बरी.”

वेडने बुटाने जमीन उकरली, शेवरलेकडे बघितलं, मग किल्ली ऑर्व्हलच्या हातात दिली. हातात दिली, पण त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

ऑर्व्हलने तीन दिवस फोर्डवर काम केलं. गंजलेले यू-बोल्ट तापवून तोडले, नवे पाटे बसवले, शॉकअप बदलले, अरुंद टायरांना खिळे मारून घेतले. त्या तीन दिवसांत गार्लंड त्याच्याशी कामापुरतं बोलला. म्हणजे ‘जॅक मोकळा आहे का’ आणि ‘फोन घे’. दुपारी तो गाडीत बसून एकटाच डबा खायचा. टो-गाडीवरच्या साखळ्या आता नुसत्याच हौद्यात पडलेल्या होत्या.

शुक्रवारी वेड आणि कोरीन गाडी न्यायला आले. कोरीनने दार उघडलं, चौकटीवरचा दांडा धरला, डावा पाय ठेवला, आणि चढली. कण्हली, पण कुणाच्या हाताशिवाय चढली. पुन्हा उतरली, पुन्हा चढली. मग काच खाली करून ऑर्व्हलला म्हणाली, “येते मी.” त्याने मान हलवली. फोटोचं नाव कुणी काढलं नाही.

ते गेल्यावर गार्लंड काउंटरपाशी आला. हात पुसत होता, हात कोरडे असूनही.

“सोमवारी येऊ नकोस,” तो म्हणाला.

“बरं.”

“हत्यारं तुझी तू घेऊन जा. रविवारीही… मी डोरिसला सांगितलंय.”

“बरं, गार्लंड.”

“बरं काय? भांड ना माझ्याशी. काहीतरी बोल.”

 ऑर्व्हलने पान्यांची पेटी उचलली. जाताना भिंतीकडे बघितलं. नेवाचा फोटो होता तिथेच होता, हातात क्रेट, आणि ती हसत होती.

रविवारी सकाळी ऑर्व्हलच्या अंगणात गाडीचा आवाज आला. त्या वेळी जेवायला निघायची वेळ असायची, आणि तो सवयीने दाढी करून, स्वच्छ सदरा घालून स्वयंपाकघरात बसला होता. तो बाहेर आला. गार्लंड खाली उतरत होता. त्याने मागून निळा क्रेट काढला आणि व्हरांड्याच्या पायरीवर ठेवला. तो धुतलेला होता. एका कडेला दोरीची गाठ अजून होती.

“दाखव,” गार्लंड म्हणाला.

 ऑर्व्हल त्याला सरपणाच्या छपरीकडे घेऊन गेला. या वर्षीचं लाकूड भरून झालं होतं. तो ओंडका मात्र मागच्या भिंतीला वेगळा ठेवलेला होता. जाळता येत नव्हता आणि फेकताही येत नव्हता. सालीची एक बाजू घासून सपाट झाली होती.

गार्लंड त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. मग त्याने तो पायाने जमिनीवर आडवा केला आणि त्यावर एक बूट ठेवून हळूच भार टाकला. ओंडका फिरला. त्याने पाय काढला, पुन्हा ठेवला. तो पुन्हा फिरला.

“कुठून ओढला?”

“इथून.” ऑर्व्हलने हात केला. “तिथपर्यंत.”

शेवरले तिथेच उभी होती, त्या दिवशी होती त्याच जागी.

गार्लंडने वाकून ओंडका दोन्ही हातांनी धरला. पहिल्या खेपेला उचलला गेला नाही. दुसऱ्या खेपेला त्याने तो पोटापर्यंत घेतला. त्याचा चेहरा काळानिळा झाला.

“जड आहे तो,” ऑर्व्हल पुढे झाला. “एक टोक धरतो मी.”

“हात लावू नकोस.”

“गार्लंड, तुझी पाठ…”

“तिने आणला होता ना एकटीने?” गार्लंड म्हणाला.

तो चालायला लागला. शेवरलेपाशी एकदा थांबला, ओंडका उंबऱ्यावर टेकवून श्वास घेतला, आणि परत उचलला. आपल्या गाडीच्या मागच्या हौद्यात त्याने तो टाकला तेव्हा अख्खी गाडी हलली. मग तो बसला आणि निघून गेला.

आवाज रस्त्याच्या वळणापलीकडे जाईपर्यंत ऑर्व्हल तिथे उभा होता. मग त्याने स्वच्छ सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, पेटीतून मोठा पाना काढला आणि शेवरलेच्या मागच्या एक्सलखाली जॅक लावला. सहाचे ठोकळे नऊ वर्षांत गंजून घट्ट बसले होते. पहिला बोल्ट सुटायला दुपार झाली.